कान तयार करणारं अ‍ॅप: सरावाआधी सेटिंग कशी लावायची

अ‍ॅप उघडलं, 'स्टार्ट' दाबलं, दोन सूर वाजले आणि समोर बारा बटणं आली. कुठलं दाबायचं? नवशिका माणूस इथे दोन-चार दिवस चाचपडतो आणि 'मला कानच नाही' असं म्हणून नाद सोडतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याच्या कानाला अजून संधीच मिळालेली नसते. पुष्कळ अ‍ॅप पहिल्यांदा उघडतात तेव्हा बाराही स्वरांतरं (दोन सुरांमधली अंतरं), चढती-उतरती दोन्ही दिशा आणि दर प्रश्नाला नवा आधारस्वर असं सगळं एकदम चालू असतं. वर्षानुवर्षं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही तिथे क्षणभर थांबावं लागतं.

म्हणून हा लेख फक्त सेटिंगबद्दल आहे. ग्नू सॉल्फेजसारखं मुक्त सॉफ्टवेअर असो, इअरमास्टरसारखं विकतचं असो किंवा फोनवरचं एखादं छोटं अ‍ॅप असो, बटणांच्या जागा बदलतात, आतल्या खुंट्या साधारण त्याच असतात. सुरुवातीला सगळ्या आवळून घ्या आणि मग एका वेळी एकच खुंटी सैल करा. पुढचं सगळं याच धोरणाने लिहिलं आहे.

१. आधी आवाज नीट ऐकू येऊ द्या

फोनच्या स्पीकरवर सराव करू नका. त्या चिमुकल्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचे सूर फार क्षीण येतात. काळी एकच्या (हार्मोनियमच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) सुरातला पुरुषाच्या आवाजाचा सा जवळपास १३९ हर्ट्झचा असतो. म्हणजे मूळ सूर जेमतेमच बाहेर पडतो आणि त्याच्या उपस्वरांवरून, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या बारीक सुरांवरून, मेंदू अंदाज बांधतो. एकेकटा सूर असेल तर निभावून जातं, पण दोन सूर एकत्र वाजले की गोंधळ होतो. साधे वायरचे इअरफोन पुरेत. वायरचेच का, ते लयीच्या भागात सांगते.

वाद्याच्या यादीत पियानो निवडा. साइन वेव्ह नावाचा गुळगुळीत आवाज असेल तर तो तूर्त नको. दोन सूर एकत्र वाजताना जो गोडवा किंवा खरखर जाणवते, तीच ओळखीची मोठी खूण असते. ती बरीचशी उपस्वरांमुळे येते आणि साइन वेव्हमध्ये उपस्वर नसतात. ट्यूनिंग 'ए ४४०' वर राहू द्या. घरात हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर पांढरी सहा दाबून ताडून पाहा. अ‍ॅपचा ए आणि तुमचं वाद्य जुळत नसेल, तर सराव एका सुरात आणि गाणं दुसऱ्या सुरात असं होऊन बसेल.

२. सराव कोणता निवडायचा

यादी लांबलचक असते: इंटरव्हल, स्केल डिग्री, कॉर्ड, इन्व्हर्जन, ऱ्हिदम, डिक्टेशन. सुरुवातीला पहिल्या दोनच लक्षात घ्या.

इंटरव्हलच्या सरावात दोन सूर वाजतात आणि त्यांच्यातलं अंतर सांगायचं असतं. स्केल डिग्रीच्या सरावाला काही अ‍ॅप 'फंक्शनल' म्हणतात. त्यात आधी दोन-चार कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) किंवा स्वरांची छोटी माळ वाजवून पट्टी कानात बसवली जाते, मग एकच सूर वाजतो आणि तो त्या पट्टीतला कोणता स्वर हे ओळखायचं असतं.

मी दुसऱ्यापासून सुरुवात करायला सांगेन, आणि का ते आत्ताच गुणगुणून पाहा. मनात सा धरा आणि ग-प म्हणा. मग रे-म म्हणा. मग खालच्या नीवरून वरच्या रेवर जा. तिन्ही ठिकाणी अंतर तीनच अर्धस्वरांचं (अर्धस्वर म्हणजे पियानोवर एका पट्टीपासून लगतच्या, काळ्या किंवा पांढऱ्या, पट्टीपर्यंतचं अंतर) आहे आणि अ‍ॅपच्या लेखी तिन्ही 'मायनर थर्ड'. पण ग-प म्हटल्यावर पंचमावर निवांत थांबता येतं. रे-म म्हटल्यावर गळा आपसूक गंधाराकडे उतरू पाहतो. नी-रे तर मधल्या सा ला न शिवता त्याच्या दोन्ही बाजूंना हात लावून आल्यासारखं वाटतं. गाणं ऐकताना आपल्याला भेटतात ते हे असे सूर, सा शी नातं असलेले. सुटी अंतरं ओळखण्याचा सरावही लागतोच, पण सा कानात मुरल्यावर तो कितीतरी सोपा जातो.

या सरावात 'कॅडेन्स', म्हणजे पट्टी कानात बसवणारे ते सुरुवातीचे कॉर्ड, या नावाचं सेटिंग शोधा आणि ते 'दर प्रश्नाआधी' असं ठेवा. 'ड्रोन' (तानपुऱ्यासारखा सतत वाजणारा सा) असेल तर तोही चालू करा, आवाज मंद ठेवून. दोन-तीन आठवड्यांनी कॅडेन्स दर पाच प्रश्नांनी एकदा करा. तेव्हा कळतं की सा आपण धरून ठेवतोय की अ‍ॅप आपल्यासाठी धरतंय.

३. सा आणि रेंज

'टॉनिक' किंवा 'की' या नावाखाली अ‍ॅप पट्टी विचारतं आणि ती इंग्रजी अक्षरांत असते. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे जी शार्प, काळी पाच म्हणजे ए शार्प. हीच काळी पाच काही ठिकाणी बी फ्लॅट म्हणून दिसेल. तुम्ही ज्या पट्टीत गाता तीच निवडा. पट्टी ठाऊक नसेल तर सोपी चाचणी अशी: ज्या सा वरून खाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत आणि वर तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारापर्यंत ताण न देता गुणगुणता येतं, तो तुमचा सा.

पट्टी 'रँडम' करू नका, आणि 'रँडम' बंद आहे याची खात्री दोनदा करा. हे सेटिंग कधीकधी वेगळ्याच पानावर दडलेलं असतं.

रेंज म्हणजे अ‍ॅपने सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा कोणता सूर वाजवायचा. इथे एक गफलत हमखास होते. पियानोच्या मधोमध असलेल्या सी ला, म्हणजे २६१.६ हर्ट्झच्या सुराला, काही सॉफ्टवेअर सी ४ म्हणतात तर काही सी ३. आकड्यावर विश्वास ठेवू नका, सूर वाजवून पाहा आणि सोबत गा. वाजलेला सूर तुमच्या गळ्यात मावला पाहिजे. सुरुवातीला सा ते तार सा एवढं एकच सप्तक पुरे, पुढे मंद्र प ते तार ग अशी पावणेदोन सप्तकं घ्या. जो सूर गुणगुणता येत नाही तो ओळखायला नवशिक्याला फार जड जातं, म्हणून रेंज गळ्याच्या मापाची ठेवा.

४. किती स्वर चालू ठेवायचे

मी तिनापासून सुरुवात करते: सा, ग, प. बाकीच्या सगळ्या खुणा काढून टाका. हे तिन्ही एकमेकांपासून लांब आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. ते पक्के झाले की तार सा, मग रे, मग ध, नंतर म आणि शेवटी नी. मध्यम मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण म आणि प नवशिक्यांना जुळ्या भावांसारखे वाटतात. दोघंही सा शी उत्तम जुळतात, त्यामुळे 'गोड वाटतंय' या एका खुणेवर त्यांना वेगळं काढता येत नाही.

कोमल स्वर आले की पद्धत बदला. तेव्हा लांबचे स्वर एकत्र न घेता जोड्या लावा. एका बैठकीत फक्त ग आणि कोमल ग. दुसऱ्या दिवशी ध आणि कोमल ध. मग नीची जोडी, मग रेची. तीव्र म साठी त्याचे दोन्ही शेजारी घ्या, शुद्ध म आणि प, म्हणजे तीन बटणं.

बटणं कमी ठेवली की गुण फसवे होतात, हेही ध्यानात घ्या. दोन पर्यायांत कान झाकून बटण दाबलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात, तिनांत एक तृतीयांश, बारांत शंभरातली आठ. दोन पर्यायांचे दहाच प्रश्न घेतले तर निव्वळ अंदाजाने सात किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता १७ टक्के आहे. वीस प्रश्न घेतले तर अंदाजाने सोळा किंवा जास्त येणं हजारात सहाच वेळा घडतं. म्हणून प्रश्नांची संख्या वीस ठेवा. बैठक त्याहून मोठी नको. कान थकतो आणि थकल्यावर बोट सवयीने चालतं.

५. दिशा

इंटरव्हलच्या सरावाला हात घालाल तेव्हा तीन खुणा दिसतील: असेंडिंग, डिसेंडिंग, हार्मोनिक. म्हणजे चढतं, उतरतं आणि एकत्र. आधी फक्त चढतं.

उतरत्याला लागाल तेव्हा एक ठेच ठरलेली. सा वाजतो, मग खालचा प वाजतो. तुम्हाला पंचम स्पष्ट ऐकू येतो, तुम्ही 'परफेक्ट फिफ्थ' दाबता आणि अ‍ॅप लाल होतं. कान चुकलेला नसतो. सा वरून वरचा प सात अर्धस्वरांवर आहे, पण खालचा प पाचच अर्धस्वरांवर, आणि अ‍ॅपने विचारलं आहे अंतर. त्याचं उत्तर 'परफेक्ट फोर्थ'. सा वरून खाली म गाठला तरच ते सात होतात. हे एकदा कागदावर मांडून ठेवा: वर जाताना जे अंतर असेल ते बारातून वजा केलं की त्याच स्वराचं खालचं अंतर मिळतं. ग वर चार तर खाली आठ. रे वर दोन तर खाली दहा.

एकत्र वाजणारे सूर सर्वांत शेवटी घ्या. सा आणि तार सा, किंवा सा आणि प, एकत्र वाजले की इतके मिसळतात की एकच सूर वाजल्यासारखं होतं. अ‍ॅपमध्ये 'अर्पेजिओ' किंवा 'सुटे वाजवा' असं बटण असतं, ते दाबून सूर वेगळे ऐका, दोन्ही गुणगुणा आणि मग पुन्हा एकत्र ऐका.

६. वेग आणि वेळ

प्रत्येक सूर साधारण एक सेकंद, म्हणजे टेम्पो ६०. त्याहून फार संथ केलं तर पहिला सूर दुसरा येईपर्यंत विरून जातो. उत्तराची वेळमर्यादा बंद ठेवा. 'रिपीट' कितीही वेळा चालेल असं ठेवा, त्यासाठी गुण कापले जात असतील तर तेही बंद करा.

७. चुकल्यावर काय घडावं

या सेटिंगकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही आणि माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो.

मी स्वतः कोमल ध आणि शुद्ध ध यांच्यात कित्येक आठवडे अडकले होते. वीसात बारा, वीसात तेरा, त्यापुढे गाडी सरकेना. रोज नेमाने बसत होते. एके दिवशी लक्षात आलं की 'ऑटो नेक्स्ट' चालू आहे. चूक झाली की लाल दिवा लागायचा, योग्य उत्तर पाव सेकंद दिसायचं आणि पुढचा सूर वाजायचा. माझ्या कानाला चुकीचं आणि बरोबर शेजारी-शेजारी कधी ऐकायलाच मिळालं नव्हतं. मी तेवढं एक सेटिंग बंद केलं आणि चुकलं की थांबू लागले. आधी मी दाबलेला शुद्ध ध ऐकायचा आणि गुणगुणायचा. मग अ‍ॅपने वाजवलेला कोमल ध ऐकायचा. मग तिथून प वर उतरून यायचं. तेव्हा कळलं की कोमल ध पंचमाला अगदी खेटून आहे, अर्ध्या स्वरावर, आणि तिथून खाली यायला जणू उतारच आहे. शुद्ध ध वरून उतरताना तो उतार जाणवत नाही. ती खूण सापडली आणि तिथून पुढे आकडे हलले.

तेव्हा सेटिंग अशी लावा. 'ऑटो नेक्स्ट' बंद. 'उत्तर बरोबर येईपर्यंत नवा प्रश्न नको' चालू. 'चुकल्यावर प्रश्न पुन्हा वाजवा' चालू. चुकीचं बटण दाबल्यावर त्या बटणाचा सूर ऐकवण्याची सोय असेल तर ती सगळ्यात आधी चालू करा. हे तीन-चार पर्याय बहुधा सरावाच्या पानावर नसतात. मुख्य 'प्रेफरन्सेस'मध्ये शोधा.

८. आकडे कसे वाचायचे

एकूण टक्केवारी पाहून पुढे जाऊ नका. 'स्टॅटिस्टिक्स'मध्ये एक तक्ता असतो: कोणता सूर वाजला आणि तुम्ही काय सांगितलं. एकूण ८५ टक्के दिसत असतील आणि तक्त्यात तीव्र म आला की निम्म्या वेळा तुम्ही प दाबलेला असेल, तर पुढच्या बैठकीचं सेटिंग तयारच आहे: तीव्र म आणि प, दोनच बटणं, वीस प्रश्न.

पुढे सरकण्याची माझी खूण अशी: दोन वेगवेगळ्या दिवशी वीसात अठरा. एकाच दिवशी दोनदा आलेले धरत नाही, कारण त्या दिवशीचा कान आधीच तापलेला असतो.

सेटिंग बदललं की जुने आकडे पुसा किंवा नवं प्रोफाइल करा. तीन स्वरांचे आणि सात स्वरांचे गुण एकाच खात्यात मिसळले की त्यातून काही कळत नाही.

९. खुंट्या सैल करण्याचा क्रम

सातही शुद्ध स्वर एका पट्टीत, एका सप्तकात, पियानोवर जमले की पुढे जा. आधी रेंज वाढवा. मग वाद्य बदला: बासरी, व्हायोलिन, गिटार. गुण थोडे घसरतील, घाबरू नका. मग पट्टी बदला, पण रोज एक नवी पट्टी, दर प्रश्नाला नवी नव्हे. हा टप्पा चुकवू नका. महिनाभर एकाच पट्टीत बसलं की कान स्वराचं नातं ओळखायचं सोडून त्या ठरावीक सुराची उंची पाठ करतो. काळी एकमध्ये वीसात वीस आणि पांढरी पाचमध्ये वीसात नऊ असं झालं तर हेच घडलंय असं समजा. रोज बदलत्या पट्टीत स्थिरावलात की मगच 'रँडम' चालू करा. कोमल-तीव्राच्या जोड्याही तोवर होत आल्या असतील. मग बाराही स्वरांना एकत्र बसवा.

यातल्या दोन गोष्टी एकाच दिवशी बदलू नका. गुण पडले तर कशामुळे पडले हे कळायला हवं.

१०. गाऊन उत्तर देण्याचा सराव

माइक असलेला सराव मला सगळ्यांत प्रिय आहे, कारण बटण दाबताना नशीब साथ देऊ शकतं, गाताना देत नाही. इअरफोन लावूनच बसा, नाहीतर अ‍ॅपचा स्वतःचाच ड्रोन माइकमध्ये शिरतो आणि तुम्ही गप्प असतानाही उत्तर 'बरोबर' येतं.

'टॉलरन्स' हे सेटिंग सेंटमध्ये असतं. एका अर्धस्वराचे १०० सेंट, सप्तकाचे १२००. ५० सेंटची सूट म्हणजे सर्वांत जवळचा स्वर गायला की पुरे. तिथून सुरुवात करा, जमलं की ३०, मग २५. २० च्या खाली उगाच जाऊ नका. त्याला एक कारण आहे. तानपुऱ्यासारख्या आधारावर गंधार मनापासून जुळवून लावला तर तो ३८६ सेंटवर बसतो, कारण तिथे सा आणि ग यांचं प्रमाण ४:५ होतं. अ‍ॅप मात्र पियानोच्या मापाने ४०० सेंट धरून चालतं. म्हणजे तुमचा सुरेल गंधार त्याला १४ सेंट उतरलेला दिसणार. तिथे अ‍ॅपचं ऐकून सूर चढवू नका. पंचमाला ही अडचण नाही, ७०२ आणि ७०० मधला फरक कोणाला जाणवत नाही. 'कोणत्याही सप्तकात चालेल' हा पर्यायही चालू ठेवा.

११. लय आणि कॉर्ड

लयीच्या सरावात ब्लूटूथ इअरफोन वापरू नका. मिनिटाला १२० ठोक्यांच्या वेगात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, त्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंद. ब्लूटूथचा आवाज तेवढा उशीर सहज करतो, मग तुम्ही अचूक टॅप करूनही अ‍ॅप तुम्हाला मागे पडलेलं दाखवतं. 'कॅलिब्रेशन' किंवा 'लेटन्सी' नावाची चाचणी आधी करून घ्या आणि इअरफोन बदलले की पुन्हा करा.

कॉर्डमध्ये सुरुवातीला मेजर आणि मायनर एवढेच दोन, इन्व्हर्जन (कॉर्डचे तेच सूर वर-खाली करून वाजवणं) बंद. खालची रेंज मधल्या सी च्या फार खाली नेऊ नका, तिथे तीन सूर एकत्र नुसते घोंघावतात. दोन कॉर्डमधला फरक मधल्या सुरात आहे: मेजरमध्ये शुद्ध ग, मायनरमध्ये कोमल ग. ती जोडी आधीच झाली असेल तर इथे फारसं नवं शिकावं लागत नाही, फक्त तीन सुरांच्या गर्दीतून मधला सूर वेगळा काढून गुणगुणायचा.

१२. सेटिंग जतन करा

इतकं लावून झाल्यावर 'सेव्ह प्रीसेट' दाबायला विसरू नका. काही अ‍ॅप अपडेट झाल्यावर सगळं मूळपदावर आणतात. नाव असं द्या की वाचताच कळावं: 'काळी एक, सा ग प, चढतं' किंवा 'ध जोडी, पियानो'. प्रीसेटची सोय नसेल तर सेटिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. उद्या बसाल तेव्हा प्रीसेट उघडा, पट्टी आणि 'ऑटो नेक्स्ट' या दोनच गोष्टींवर नजर टाका, सा लावा आणि पहिला प्रश्न घ्या.